अकरा भांडी

माझे सासरे दुधाला शिवत नसत. चहा कोरा घ्यायचे, तोही काचेच्या पेल्यातून, आणि पहिल्या घोटाआधी पेला खिडकीकडे धरून त्याच्यातून बाहेरचं झाड बघायचे. मी त्या घरात पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या पुढ्यात मात्र दुधाचा चहा आला. मी कप उचलला आणि त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की तो मी पुन्हा बशीत ठेवला.

"घ्या हो तुम्ही," सासूबाई म्हणाल्या. "सरकारी नजर आहे ती. कशावर पडली की पंचनामा केल्याशिवाय उठत नाही."

"दूध चांगलं आहे," सासरे म्हणाले. "सकाळी मीच बघितलंय."

"मग तुम्ही का नाही घेत?"

हे मी विचारलं. नव्या जावयाला जे विचारायचं नसतं तेच तो विचारतो. सासूबाई हसल्या, बायको हसली, सासरे झाडाकडे बघत राहिले. घरी येताना बायको म्हणाली, "अरे, सगळं आतलं माहीत असतं ना बाबांना. मिठाईवाला कुठं मिठाई खातो?" मला ते पटलं. पुढची नऊ वर्षं पटलेलंच राहिलं.

ते नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात अन्न निरीक्षक होते. पिठातले किडे, तेलातली भेसळ, खाटकाच्या फळीवरचे सुरीचे चर, हे सगळं त्यांच्याकडे होतं. पण त्यांचं मन होतं दुधात. पुलाखाली दूधबाजार भरायचा. गावोगावची दुधं दोन-दोन तासांचा रस्ता करून तिथं उजाडता उजाडता उतरायची, आणि कॅनच्या रांगेतून हा उंच, किंचित वाकलेला माणूस खांद्याला पेटी लावून फिरायचा. पेटीत एक उभं काचपात्र, तापमापक, रिकाम्या बाटल्या, लाख, शिक्का आणि लॅक्टोमीटर. लॅक्टोमीटरला बाजारात कांडी म्हणत. खाली छऱ्यांनी भरलेला काचेचा फुगा, वर बारीक मान, मानेवर रेघा. दाट दुधात ती मान वर काढून तरंगते, पाणी घातलेल्या दुधात बुडत जाते. म्हणून सासऱ्यांचं नाव पडलं होतं कांडीसाहेब.

"साहेब, गाय पाणी पिते त्याला मी काय करू?" एखादा दूधवाला म्हणायचा.

"गायीनं प्यायलेलं चालतं मला. दुधानं प्यायलेलं चालत नाही."

अशी त्यांची बोलाचाली. मी दोन-चारदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. ते दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचे, तो कसा ओघळतो ते बघायचे, मग वास, मग कांडी. कांडी स्थिर होईपर्यंत श्वास धरायचे. आकडा वाचायला गुडघ्यावर बसायचे, कारण वरून वाचला तर चुकतो. इतकी काळजी घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांना आणखी एक नाव होतं, ते हाताखालच्या पोरसवदा निरीक्षकांनी ठेवलेलं: अर्धा तास. नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी बजावायचे, नुकतं काढलेलं दूध असेल तर अर्धा तास थांबायचं. फेस बसू द्यायचा, दूध निवू द्यायचं, मगच कांडी. स्वतः ते कुणाच्याही गोठ्यात उपडी बादली घेऊन त्यावर घड्याळ लावून बसत. पोरं मागं म्हणायची, यांच्या लग्नातसुद्धा माळ घातल्यावर अर्धा तास फेस बसू दिला असेल. सासूबाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अर्धा कुठला! तीस वर्षं झाली, अजून बसतोय."

सेवानिवृत्तीच्या दिवशी त्यांनी घरी एक खोकं आणलं. महिनाभर ते खोकं जिन्याखाली पडून होतं. एके दुपारी सासूबाईंनी फर्मावलं, "जावईबापू, हे एकतर रद्दीत घाला, नाहीतर यांना घाला." मी आणि सासरे जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून कागद वेगळे करू लागलो. जुनी परिपत्रकं, रिकाम्या पावत्या, चिकटलेल्या कार्बन प्रती. तळाशी एक पाकीट होतं. ते त्यांनी उचललं, रद्दीवर ठेवलं, परत उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"वाचा."

प्रयोगशाळेचा अहवाल होता. बावीस वर्षांपूर्वीचा. नमुना गाईच्या दुधाचा. स्निग्धांश हवा त्याहून जास्त. बाहेरचं पाणी: नाही. शेरा: शुद्ध.

"यात वाईट काय आहे?" मी म्हणालो. "दूध चांगलं निघालं."

"हो," ते म्हणाले. "तेच वाईट आहे."

मग जे सांगितलं ते त्यांनी पायरीकडे बघत, थांबत थांबत सांगितलं. मी ते सलग लिहितो आहे.

तेव्हा त्यांना नोकरीत अकरा वर्षं झाली होती. मुलांच्या इस्पितळातून तक्रार आली की शहरात पातळ दूध फार येतंय. आरोग्याधिकाऱ्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, बाजार पुरे झाला, आता घरोघरचे गोठे बघा, आठवड्यात दहा नावं मला फळ्यावर दिसली पाहिजेत. हा फळा दूधबाजाराच्या तोंडाशी होता. ज्याच्या दुधाबद्दल संशय असेल त्याचा परवाना क्रमांक आणि पत्ता त्यावर खडूनं लिहायचे. आठवडाभर राहायचा. प्रयोगशाळेचा निकाल यायला दोन-तीन आठवडे लागायचे, पण फळ्याला तेवढी वाट बघायची सवय नव्हती.

कातडी कमावण्याच्या कारखान्यामागं एक गल्ली होती. तिथं एका विधवा बाईच्या दोन गाई होत्या, एक तांबडी, एक पांढऱ्या ठिपक्यांची बांडी. बाईला धारवाली म्हणत, कारण ती गिऱ्हाइकांसमोर धार काढायची. पहाटेचं काढून ठेवलेलं, झाकलेलं, असलं काही नाही. बायका भांडी घेऊन गोठ्याच्या तोंडाशी उभ्या राहायच्या, ती कासेखाली बसायची, दूध बादलीत पडायचं आणि बादलीतून थेट भांड्यात. कोमट, फेसाळ, धारोष्ण. त्या गल्लीत दुसऱ्या कुणाचं दूध खपत नसे.

सासरे गेले तेव्हा बादली नुकती भरली होती. त्यांनी फेस फुंकून बाजूला केला, काचपात्र भरलं, कांडी सोडली. कांडी बुडाली. तापमापक लावला, गरम दुधाला जी सूट द्यायची ती दिली, तरी आकडा कमीच. पुन्हा भरलं, पुन्हा सोडली. तोच आकडा. त्यांनी बादलीकडे पाहिलं. ती नुकती विसळलेली होती, बाहेरून पाण्याचे ओघळ होते.

"बाई, पाणी आहे यात."

"कुठून येणार साहेब? या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काढलंय." मग ती बायकांकडे वळून म्हणाली, "का गाईच्या सडाला नळ जोडलाय मी?"

बायका हसल्या. सगळ्याच. एक तर भांडं खाली ठेवून हसली.

"तो हशा मला लागला," सासरे मला म्हणाले. "बाजारात रोज हसत होते की लोक. पण तिथं मी गुडघ्यावर बसलो होतो, आणि त्या वर उभ्या होत्या. त्या हसल्या नसत्या तर मी कदाचित आणखी दहा मिनिटं घेतली असती. कदाचित. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलंय."

ते उठले. म्हणाले, "कांडी खोटं बोलत नाही." तीन बाटल्या भरल्या, दूध टिकायचं औषध थेंब थेंब टाकलं, लाख तापवून शिक्के मारले. एक बाटली प्रयोगशाळेला, एक कचेरीत, एक विकणाऱ्याकडे, असा नियम. तिसरी तिच्या हातात दिली. मग बादली उचलली आणि गटारात ओतली. तसा नियम नव्हता, तशी मुभा होती. फेस बराच वेळ गटारावर राहिला. एका बाईनं आपल्या रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. मग दुसरीनं लावलं. झाकणं लागल्याचे आवाज येत गेले आणि गल्ली मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी धारवालीचा क्रमांक फळ्यावर चढला.

एकोणिसाव्या दिवशी हा अहवाल आला. तो वाचल्यावर सासरे त्यांच्या शिकाऊ दिवसांतलं पुस्तक शोधायला गेले. सापडलं. दुधाच्या प्रकरणात एक वाक्य होतं: धार काढल्यानंतर लगेच मापन करू नये, दुधात हवा असते, आकडा कमी येतो, दूध स्थिरावू द्यावे. त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती. त्यांनी स्वतः मारलेली.

"विसरलात?" मी विचारलं.

"विसरायला कधी लागलंच नव्हतं. अकरा वर्षांत माझ्यासमोर जे दूध आलं ते दोन तास रस्ता करून आलेलं. निवलेलं, बसलेलं. मी हजारो लिटर दूध तपासलं हो. पण दूध गाईतून निघतं तेव्हा कसं असतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आणि पहिल्यांदा पाहिलं ते ओतून टाकलं."

अहवाल घेऊन ते आरोग्याधिकाऱ्यांकडे गेले. साहेबांनी वाचला आणि परत दिला.

"बरं झालं. फाईल बंद करा."

"पण साहेब, फळ्यावर..."

"फळा दहा दिवसांपूर्वीच पुसलाय. आता पुसलेलं आणखी काय पुसणार? आणि हे बघा, नाव चढवायचा नियम आहे, उतरवायचा नाही. कोर्टात आपल्या सतरा केसेस आहेत, सगळ्या कांडीवर उभ्या. तुम्ही गल्लीत जाऊन सांगा कांडी चुकली म्हणून. उद्या प्रत्येक चोर म्हणेल, थांबा साहेब, माझंही दूध जरा बसू द्या. दुधाचं दूध करायला जाल आणि सगळ्याचं पाणी करून याल."

हे खोटं नव्हतं. म्हणून ते जास्त सोयीचं होतं. सासरे त्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत तीनदा गेले आणि तीनदा वळले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा गोठ्यात एकच गाय दिसली. त्या दिवसापासून त्यांनी दूध सोडलं. घरी सांगितलं, पोटाला सोसत नाही.

माझ्या मांडीवर तो कागद होता. वरून सासूबाईंचा आवाज आला, "झालं का आवरून?" सासऱ्यांनी रद्दीचा गठ्ठा बांधायला घेतला.

"आपण जाऊ या," मी म्हणालो.

"आता काय उपयोग?"

"ते तिला ठरवू द्या ना."

रविवारी गेलो. कारखाना बंद पडला होता, वास मात्र भिंतींनी धरून ठेवला होता. गोठ्याच्या जागी दुचाकी दुरुस्तीचं दुकान होतं. शेजारच्या खोलीत पासष्टीची एक बाई टेबलावर कपड्यांना इस्त्री करत होती. तिनं सासऱ्यांना पाहिलं, इस्त्री उभी केली, परत आडवी करून शर्टाची कॉलर पुरी केली.

"या साहेब. केस पिकले तुमचे." मग माझ्याकडे बघून, "हे कोण?"

"जावई."

"साक्षीदार आणलाय म्हणा की."

बसा म्हणाली नाही. आम्ही दारातच उभे होतो. सासऱ्यांनी पाकीट काढलं, अहवाल तिच्यापुढे टेबलाच्या कडेला ठेवला.

"काय लिहिलंय? चष्मा नाहीये माझा."

"तुमचं दूध शुद्ध होतं."

तिनं दुसरा शर्ट घेतला, त्यावर पाणी शिंपडलं. "हे मला माहीत होतं साहेब. कागद लागला तो तुम्हाला."

तिनं शर्टाची बाही पसरली.

"कधी आला हा?"

खोटं बोलता आलं असतं. चष्मा नव्हता तिचा. "एकोणिसाव्या दिवशी," ते म्हणाले.

इस्त्री थांबली. ती मनात काही मोजत होती, ओठ हलत होते.

"एकोणीस दिवस. तेव्हा दोघी होत्या माझ्या दावणीला. तांबडी महिन्यानं विकावी लागली. बांडीसाठी मी अडीच महिने थांबले, म्हटलं, निकाल येईल, निकाल आला की बाया परत येतील. रोज धार काढत होते. काढावीच लागते, नाहीतर जनावर कळवळतं. एका माणसानं दूध प्यावं तरी किती? उरलेलं ओतत होते. तुम्ही ओतलंत ना, त्याच गटारात."

भिंतीवरच्या फळीवर, घड्याळाच्या शेजारी, एक बाटली होती. लाल लाखेचा शिक्का, वर पिवळं पडलेलं लेबल, लेबलावर सासऱ्यांची सही. आत तळाला घट्ट पांढरा गोळा आणि वर चहाच्या रंगाचं पाणी.

"फेकली नाहीत?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"त्यांनीच सांभाळायला सांगितली होती. आणि तपासून कुणाकडून घ्यायची? यांच्याच माणसांकडून ना?"

सासऱ्यांनी हात जोडले. "माझं चुकलं, बाई. दूध बसू द्यायला हवं होतं. मी थांबलो नाही. आणि नंतर आलो नाही, ते आणखी चुकलं."

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण शब्द एकेक सुटा होता. "माझ्या एकटीसमोर ओतलंत का? तिथं बाया होत्या. त्यांना सांगा."

"कोण होत्या त्या मला ठाऊक नाही. मी तोंडं पाहिली नव्हती कुणाची."

"मग पाहिलंत काय?"

"भांडी," सासरे म्हणाले.

त्यांनी खिशातून वहीचं पान काढलं. तपासणीला गेलं की गिऱ्हाइकांची भांडीही नोंदवायची त्यांची पद्धत होती, गंज आहे का, झाकण आहे का, कल्हई गेलीय का. त्या सकाळचीही नोंद होती. ते वाचू लागले. "पितळी चरवी, काठाला पोचा."

धारवालीनं इस्त्री उभी केली. "समोरची म्हातारी. अजून आहे ती, बहिरी झाली."

"पांढरा डबा, दोन फुलं काढलेला."

"शिंपीण. मुलाकडे गेली, तळ्यापलीकडे."

"कान नसलेली किटली, तारेचा कान."

"मास्तरीण! चिंगूस मेली. नवी किटली घेईना." ती हसली होती, आणि हसली हे लक्षात येताच थांबली.

अकरा भांडी होती. सात तिनं ओळखली. चार ओळखली नाहीत. म्हणाली, पलीकडच्या वस्तीतून येणाऱ्या बाया असतील.

समोरच्या म्हातारीपासूनच सुरुवात करायची होती. सासऱ्यांनी दार वाजवलं. ती कानावर हात धरून बाहेर आली.

"आजी, यांचं दूध शुद्ध होतं!"

"जोरात बोला!"

"दूध! शुद्ध होतं! पाणी नव्हतं त्यात!"

ज्या माणसानं आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता तो भर गल्लीत ओरडत होता. दुरुस्तीच्या दुकानातले लोक बाहेर आले. खिडक्या उघडल्या. बहुतेक नवी बिऱ्हाडं होती, त्यांना कसलं दूध नि कसलं काय. "चूक माझी होती!" सासरे ओरडले. त्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या.

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग समोर दारात उभ्या असलेल्या धारवालीकडे. "मी तर तेव्हाच म्हटलं होतं," ती म्हणाली.

"म्हटलं होतंस?" धारवाली गल्लीपलीकडून म्हणाली. "मग चरवी घेऊन परत का आली नाहीस?"

हे म्हातारीला ऐकू गेलं नाही. किंवा गेलं.

त्यानंतर तीन वर्षं सासरे त्या पानामागं फिरले. दर शनिवारी सकाळी पेटी न घेता निघायचे. सासूबाई म्हणायच्या, "नोकरीत एवढे पाय झिजवले असते तर साहेब झाला असतात." पण डबा बांधून द्यायच्या. आता त्यांनाही सगळं सांगून झालं होतं. ते ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "पोटाला सोसत नाही म्हणे. बावीस वर्षं मी जिरे उकळून देतेय या माणसाला."

शिंपीण सापडली. तिला काहीच आठवत नव्हतं, तरी त्यांनी अहवाल वाचून दाखवला. मास्तरीण सापडली, ती रडली. दूध बदललं त्याच वर्षी तिचा मुलगा आजारी पडला होता आणि तिनं मनातल्या मनात सगळा दोष धारवालीला दिला होता. दोघीजणी वारल्या होत्या. त्यांच्यासाठी काय करायचं हे विचारायला सासरे परत धारवालीकडे गेले.

"सुनांना सांगितलं तर चालेल का?"

तिनं विचार केला. "सून त्याच भांड्यात दूध घेते का?"

"एकीकडे ते भांडं आहे अजून. दुसरीकडे त्यात झाड लावलंय."

"मग एकच धरा."

असा तिचा हिशेब चोख. प्रत्येक भेटीनंतर ते तिला जाऊन सांगायचे, दारात उभं राहून, जसा एखादा कनिष्ठ वरिष्ठाला अहवाल देतो. पाचवी झाली त्या दिवशी ती म्हणाली, "बसा." आणि चहा टाकला. मी बरोबर होतो. सासऱ्यांनी हलकेच सांगितलं, मी कोरा घेतो.

"कधीपासून?"

"तेव्हापासून."

ती चहाच्या भांड्यापाशी पाठमोरी उभी होती. वळली नाही. "म्हणजे तुम्ही दूध सोडलंत. आणि त्यानं माझ्या गाईंचं काय झालं?"

तिनं चहा गाळला आणि कप त्यांच्यापुढे धरला.

"घ्या मुकाट्यानं. पिशवीतलं दूध आहे. कांडी लावायची तर लावा."

त्यांनी कप घेतला. खिडकीकडे धरला नाही. बावीस-तेवीस वर्षांनी त्यांनी दुधाचा चहा प्यायला आणि तो चांगला लागला की नाही हे मला कधी सांगितलं नाही. घरी मात्र ते कोराच घेत राहिले.

सातव्या बाईचा पत्ता मिळाला तेव्हा ते आजारी पडून इस्पितळात खाटेवर होते. मी जाऊन तिला अहवाल वाचून दाखवला. परत येऊन सांगितलं तेव्हा त्यांनी पान मागितलं, चष्म्याशिवाय डोळ्यांजवळ धरलं, आणि पेन्सिलीनं सातव्या भांड्यापुढे खूण केली. झाड लावलेल्या भांड्यापुढची खूण त्यांनी कंसात घातली होती. धारवालीनं धरली नव्हती म्हणून. चार दिवसांनी ते गेले.

मी धारवालीला सांगायला गेलो. ती इस्त्री करत होती. ऐकलं, इस्त्रीची वायर काढली, हात टेबलावर ठेवून उभी राहिली.

"किती झाल्या?"

"कंसातली धरून सात."

"ती नाही धरायची." मग म्हणाली, "बरं, धरा. मेल्या माणसाशी काय घासाघीस करायची." फळीवरची बाटली तिनं उगीच थोडी सरळ केली. "चार राहिल्या. तुम्ही जावई ना त्यांचे?"

"हो."

"मग बघा तुम्ही."

त्या चार मला सापडल्या नाहीत. पलीकडची वस्ती उठून तिथं मोठा रस्ता झाला आहे. माणसं कुठं कुठं गेली ते कुणालाच नीट सांगता येत नाही. नावं माहीत नाहीत, तोंडं कुणी पाहिली नाहीत. भांडी तेवढी आहेत, सासऱ्यांच्या अक्षरात, म्हणून इथं उतरवून ठेवतो. एक निळी चरवी, आत पांढरी, तळाशी टवका उडालेला. एक उभा डबा, झाकण दोऱ्यानं कानाला बांधलेलं. एक तांब्या, झाकण नाही, वर ओलं फडकं. आणि एक लहान मुलाचं खेळण्यातलं वाटावं एवढं भांडं, पावशेर दूध मावेल न मावेल असं, ज्यापुढे सासऱ्यांनी लिहिलं आहे: स्वच्छ.

यातलं एखादं तुमच्या घरी असेल, किंवा आईच्या हातात पाहिल्याचं आठवत असेल, तर त्या सकाळी दूध न घेता ते घरी परत आलं होतं. दूध शुद्ध होतं. पाणी नव्हतं त्यात.